संगणक क्रमांक सात

माझ्या लॅपटॉपच्या झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने 'शासकीय, संगणक क्र. ७' असं लिहिलेलं आहे. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे या सातच्या आकड्याने मला जे दिवस दाखवले, ते छत्तीस वर्षं मास्तरकी करून एकाही वर्गाने दाखवले नव्हते.

मी निवृत्त झालो त्या वर्षी शाळेतल्या जुन्या सामानाचा लिलाव झाला. त्यात मोडकी बाकं, एक घंटा आणि हा लॅपटॉप होता. घंटा मला हवी होती, पण ती दुसऱ्याने नेली. लॅपटॉप कोणालाच नको होता, तो मी घेतला. शाळेच्या बाबूंनी जाता जाता त्यात कृतिदेव नावाचा देवनागरी फाँट टाकून दिला आणि प्रत्येक बटणावर मराठी अक्षराचा चिकट तुकडा लावून दिला. खालची इंग्रजी अक्षरं पार झाकली गेली. तेव्हापासून मी एका बोटाने, 'क' दिसला की 'क' दाबायचा, अशा सरळमार्गी पद्धतीने टाइप करत आलो. बटणाच्या पोटात काय आहे याची चौकशी मी कधी केली नाही.

लॅपटॉप हळू होता, हे मान्य. सकाळी बटण दाबलं की माझ्या बायकोची, कुसुमची आंघोळ, तुळशीला पाणी आणि पोह्यांची फोडणी एवढं होईपर्यंत तो जागा होत असे. पण मलाही कुठे जायचं होतं? संध्याकाळी माझ्या ओसरीवर तेरा मुलं मराठी शिकायला येतात. तीही माझ्यापर्यंत उड्या मारत येतात आणि पाटी काढायला पंधरा मिनिटं लावतात. हळूपणाची मला सवय आहे.

या तेरा मुलांसाठीच सगळं चाललं होतं. आमच्या बुऱ्हाणपुरात, म्हणजे मध्य प्रदेशात, मुलं घरात मराठी ऐकतात, गल्लीत हिंदी बोलतात आणि शाळेत इंग्रजीच्या नावाने घाम गाळतात. त्यात माझा वर्ग म्हणजे जेवणानंतरची बडीशेप. आवडली तर खाल्ली. वर्षभरापूर्वी अठरा मुलं होती, पाच गळाली. कमलची आई सुमन तर मला तोंडावर म्हणाली होती, "सर, राग नका मानू. तिला त्याच टायमाला इंग्लिशची ट्यूशन मिळतेय. मराठी शिकून पुढे काय, ते मला एकदा दिसू द्या."

"रविवारी दिसेल," मी म्हणालो.

रविवारी पाच वाजता दत्तमंदिराच्या सभागृहात आमचा कार्यक्रम होता. प्रत्येक मुलाने मला वर्षभरात एक गोष्ट तोंडी सांगितली होती. मी ती नीट दुरुस्त करून लॅपटॉपवर उतरवली होती. तेरा गोष्टींची छापील पुस्तिका मुलांच्या हाती अचानक ठेवायची आणि आईबापांसमोर ज्याची त्याने वाचायची, असा बेत होता. सुमन आली आणि पटलं नाही, तर कमल जाणार. कमल गेली की तिच्या मागोमाग तिच्या गल्लीतली चार जाणार. मग उरलेल्या आठांचा वर्ग म्हणजे वर्ग नव्हे, पंगतीतली शेवटची रांग.

गुरुवारी छपाई करायची होती. बुधवारी माझा मेहुणा अरविंद आला.

अरविंद इंदूरच्या एका बँकेत संगणक विभागात होता. निवृत्तीनंतर त्याला उद्योग नाही, म्हणून तो नातेवाइकांचे संगणक सुधारत फिरतो. लॅपटॉप सुरू होईपर्यंत त्याने दोन वेळा चहा घेतला आणि मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी नापास मुलाच्या बापाकडे पाहत असे.

"भाऊजी, ह्या जीवावर हे विंडोजचं ओझं कशाला? लिनक्स टाकू. पाखरासारखा उडेल."

"रविवारनंतर उडू दे," मी म्हणालो.

"अर्ध्या तासाचं काम. आणि फुकट आहे."

फुकट हा शब्द कुसुमने स्वयंपाकघरातून ऐकला आणि भावाच्या बाजूने मत देऊन मोकळी झाली. अरविंदने विचारलं, "फायली दुसरीकडे ठेवल्यात ना?" मी ताठ मानेने पेनड्राइव्ह काढून दाखवला. या सगळ्या प्रकरणात माझी मान ताठ राहिल्याचा हा शेवटचा प्रसंग.

अर्धा तास दुपारी दोनला सुरू झाला. आधी नव्या यंत्रणेने विचारलं, तुम्ही राहता कुठे? मी यादीत बुऱ्हाणपूर शोधलं, नाही. खंडवा नाही. इंदूर, भोपाळ काहीच नाही. अरविंद म्हणाला, "कोलकाता दाबा." मी म्हणालो, "मी जन्मात कोलकात्याला गेलो नाही." तो म्हणाला, "संगणकाच्या घड्याळात सगळा भारत कोलकात्यातच राहतो." भूगोल मीही शिकवला आहे, पण पाहुण्याशी वाद घालू नये म्हणून कोलकातावासी झालो.

मग पासवर्ड मागितला. तो इंग्रजीत हवा, आणि माझ्या बटणांवर तर सगळी मराठी. अरविंद नखाने एकेक चिकट तुकडा खरवडू लागला. निघेनात, तेव्हा कुसुमने खोबरेल तेल आणून दिलं. तासाभरात माझी संपूर्ण मुळाक्षरं तेलात माखून केराच्या सुपात गेली. मी कुसुमचं नाव पासवर्ड म्हणून दिलं, तर खाली लाल अक्षरांत आलं, 'दुर्बल'. हे तिला वाचून दाखवू नये एवढं शहाणपण माझ्यात होतं. पुढे एका काळ्या पडद्यावर तोच पासवर्ड पुन्हा टाकायला सांगितला. मी टाकतो, पण पडद्यावर काहीच उमटत नाही. मी जोर लावला. तरी नाही. बटणात तेल गेलं असं वाटून मी लॅपटॉप उलटा करून आपटला.

"भाऊजी, ते दिसत नसतंच! न दिसता लिहायचं असतं!"

आयुष्यभर मी मुलांना दिसेल असं, ठसठशीत लिहायला शिकवलं. असो.

रात्रीपर्यंत लॅपटॉप खरोखर पाखरासारखा झाला. बटण दाबताच जागा. कुसुमची आंघोळ तर सोडा, तिचं बादलीत पाणीही पडेना. अरविंद गुरुवारी पहाटेच्या बसने इंदूरला गेला आणि मी पुस्तिकेची फाइल उघडली.

आत इंग्रजी होतं.

इंग्रजी तरी कसं? शब्द नाहीत, अर्थ नाही. स्वल्पविराम भलत्या जागी, मोठी अक्षरं छोट्यांच्या मधे घुसलेली, जणू मधल्या सुट्टीत सगळी इयत्ता एकाच नळावर गेली आहे. तेराही गोष्टी तशाच. अरविंदला फोन केला, तर तो बसमध्ये. "भाऊजी, काही नाही, फक्त फाँट..." एवढं ऐकू आलं आणि आवाज घाटात गेला. नंतर फोन लागलाच नाही. पुढे आठवड्याने कळलं की त्याचा फोन बसमध्येच राहिला आणि पुढच्या गावी उतरला. फाँट हा शब्द त्या गडबडीत माझ्या कानावरून गेला. मला वाटलं, तो कंडक्टरशी बोलतोय.

आमचे शेजारी गिरधरभाई केळीचे व्यापारी. लॅपटॉप त्यांनी कधी उघडलेला नाही, पण सल्ला द्यायला त्यांना माल पाहावा लागत नाही.

"मास्तर, व्हायरस आहे. शंभर टक्के. माझ्या मुनीमच्या कंप्युटरला झाला होता. पूरे हिसाब चायनीजमध्ये निघाले."

"मग काय केलं?"

"मुनीम बदलला."

त्यांच्या मते मी उलट फिरावं, विंडोज परत टाकावी, म्हणजे इंग्रजीचं मराठी आपोआप होईल. हे मला पटलं. जी गाडी ज्या रस्त्याने बिघडली तिला त्याच रस्त्याने मागे नेली की ती सुधारते, असं वाटण्याइतकी माझी अवस्था झाली होती.

शुक्रवारी मी लॅपटॉप पिशवीत घालून चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. मी फायलींबद्दल बोललोच नाही. छत्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाने आपल्याच गोष्टी आपल्याला वाचता येत नाहीत असं दुकानात, गिऱ्हाइकांसमोर कसं सांगावं? मी नुसतं म्हणालो, "विंडोज टाकायची आहे."

त्याने झाकण पाहिलं आणि हात मागे घेतला. "सर, ये तो सरकारी माल है. नंबर पडलाय. उद्या चौकशी आली तर मी कुठे जाऊ? लेटर आणा, की हा मशीन आता तुमचा आहे."

लिलावाची पावती घरी नव्हती. कुसुमने ती दिवाळीच्या सफाईत टाकून दिली होती. मग शिक्षण खात्याच्या कार्यालयात गेलो. तिथला बाबू गजानन माझाच विद्यार्थी. पाया पडला, खुर्ची दिली, चहा मागवला, आणि म्हणाला, "सर, लिलावाची यादी आहे, पण सध्या निघणार नाही. सगळ्या शाळांचा रेकॉर्ड इंटिग्रेट होतोय. जुन्या सिस्टीममधून काढलंय, नव्यात अजून बसलं नाही."

"म्हणजे आत्ता ते कुठे आहे?"

गजाननने छताकडे पाहिलं. "मधे."

मला त्याची दया आली. माझ्याकडे तेरा गोष्टी मधे होत्या, त्याच्याकडे अख्ख्या जिल्ह्याची टेबलं-खुर्च्या. शेवटी त्याने एका कोऱ्या कागदावर हाताने लिहून दिलं, 'सदर संगणक क्र. ७ हा सरांचाच आहे, मी लहानपणापासून ओळखतो,' आणि खाली शिक्का मारला. लहानपणापासून तो मला ओळखतो की संगणकाला, हे वाक्यातून स्पष्ट होत नव्हतं. विद्यार्थी माझा असल्यामुळे मी चूक काढली नाही.

शिक्का पाहून दुकानदार निवला. शनिवारी संध्याकाळी लॅपटॉप मिळाला. त्याने लिनक्स काढलं नव्हतं, "अच्छा चल रहा था, म्हणून राहू दिलं," आणि शेजारी विंडोज बसवली होती. आता बटण दाबलं की दोन नावं पडद्यावर येतात आणि खाली आकडा उलटा पळतो, दहा, नऊ, आठ. तेवढ्यात ठरवायचं कोणाकडे जायचं ते. मी वर्गात कच्च्यातल्या कच्च्या मुलालाही उत्तरासाठी नुसते दहाच सेकंद दिलेले नाहीत, निदान पाढा तरी म्हणू देतो. मी चष्मा शोधेपर्यंत तो लिनक्समध्ये जाऊन बसायचा. कुसुमला पाळतीवर बसवून चौथ्या खेपेला विंडोज पकडली. फाइल उघडली.

तेच इंग्रजी.

दोन्हीकडे तेच, याचा अर्थ मी असा लावला की गोष्टीच कायमच्या नासल्या. मी झाकण मिटलं. कुसुम म्हणाली, "अहो, मुलांना सांगा ना पुन्हा सांगायला."

"पुन्हा सांगतील, पण कच्च्या! मी त्या पक्क्या केल्या होत्या. सुमनबाईंसमोर काय, तो बैलाचा गोंधळ ठेवू?"

बैलाचा गोंधळ म्हणजे निंबाची गोष्ट. निंबा देडतलाई गावचा, इथे आत्याकडे राहून शिकतो. त्याची मूळ गोष्ट अगदीच रानटी होती. ती मी किती कष्टाने माणसात आणली होती, ते माझं मला माहीत.

रविवारी सकाळी शारदाताई आल्या. त्या कुसुमच्या मैत्रीण, राहतात सिंधीपुऱ्यात. कार्यक्रमासाठी चिवडा करायला मदत म्हणून आल्या होत्या. मी ओसरीवर लॅपटॉप उघडून शून्यात बघत होतो. त्या परात मांडीवर घेऊन समोर बसल्या, पोहे निवडता निवडता पडद्याकडे पाहिलं आणि त्यांची बोटं परातीच्या काठावर टकटकू लागली.

"डी, एस, मोठा जी, एस..." त्या पुटपुटल्या. "केळे."

मला वाटलं, पोह्यांत किडा सापडला.

"केळे हे एक उपयुक्त फळ आहे," शारदाताई म्हणाल्या. "सर, हे काय लिहिलंय तुम्ही?"

मी ताडकन उभा राहिलो. "तुम्हाला हे वाचता येतं?"

"वाचता नाही येत. बोटांना येतं. अहो, खकनारच्या तहसीलात एकतीस वर्षं टाइप केलंय मी. अर्धी हिंदी टाइपरायटरवर, अर्धी कृतिदेवमध्ये. बटणावर इंग्रजी डी असतो, दाबला की क उमटतो. मोठा जी दाबला की ळ. तुमच्या मशीनमध्ये कृतिदेव नाही, म्हणून ते बिचारं नुसती बटणं दाखवतंय. काही गेलेलं नाही. फाँट टाकला की झालं."

म्हणजे माझ्या चिकट तुकड्यांच्या पोटात इतकी वर्षं हे इंग्रजी बसलेलं होतं. अरविंद बसमधून हेच ओरडत होता. मी केराच्या सुपाची आठवण काढून मनातल्या मनात रडलो.

"मग टाका फाँट!"

"माझ्याकडे कुठला? दुकान उघडू द्या."

दुकान रविवारी बंद. दुकानदार रावेरला सासरी गेलेला. गिरधरभाई मुनिमाकडे विचारायला गेले आणि नवा मुनीम त्या दिवशी रजेवर असल्याची बातमी घेऊन आले. मग ठरलं, ताईंनी वाचायचं, मी कागदावर लिहायचं. पण ताईंना नुसतं बघून कळेना. प्रत्येक अक्षर त्यांना हवेत टाइप करून बघावं लागे, तेव्हा बोटं सांगत ते कुठलं. मधेच कोणी बोललं की बोटं चुकत आणि ओळ पहिल्यापासून. साडेचारला दोन छोट्या गोष्टी आणि एका गोष्टीची चार वाक्यं झाली, पहिली मोठी, निंबाची, तशीच राहिली. चिवडा करपला तो वेगळाच.

"चला," ताई पदर खोचून म्हणाल्या, "तिथेच वाचते. तहसीलदारांसमोर वाचलंय, आईबापांचं काय."

सभागृह भरलं होतं. सुमन पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर, मनगटावरच्या घड्याळाकडे डोळा. लॅपटॉपची बॅटरी कधीच वारलेली, आणि सभागृहातलं एकमेव चालू सॉकेट दत्ताच्या मूर्तीमागे. त्यामुळे ताई मूर्तीच्या आडोशाला बसल्या आणि आवाज आतून येऊ लागला. मागच्या दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले.

"गोष्ट पहिली. सांगणार, निंबा." ताईंची बोटं टेबलावर टकटकू लागली. "केळे... हे... एक... उपयुक्त... फळ... आहे. त्याचे... अनेक..." मोठा विराम. टकटक. "फायदे... आहेत. माझ्या... आजोबांचा... बैल... अत्यंत... गुणी..."

सभागृहात खोकले सुरू झाले. सुमनने पर्स उघडली आणि पुन्हा मिटली. माझ्या कपाळावरून घाम चष्म्यात उतरला.

"सर!" निंबा उभा राहिला होता. "मी असं नव्हतो बोल्लो!"

"निंबा, बस."

"पण सर, तो गुणी नव्हताच! माह्या आजाचा बैल लई हरामी होता!"

पहिल्यांदा कोणीतरी मोठ्याने हसलं. मी निंबाला खुणेने खाली बसवत होतो, पण मूर्तीमागून दत्ताचा आवाज यावा तशा शारदाताई म्हणाल्या, "सांगू द्या त्याला, सर. माझी बोटं दुखली."

निंबा पुढे आला. "आजाने केळी पिकवायला ठेवली होती. कोठडीत, पाला घालून. बैल गेला आत. आम्हाला वाटलं, चोर आहे. आजाने बाहेरून कडी लावली अन् गावभर आरोळी मारली. सगळे लाठ्या घेऊन आले. पाटील बोल्ला, 'कोन है बे अंदर, नाम बोल!' तर आतून नुसतं खाण्याचा आवाज. पाटील बोल्ला, 'डरता नहीं है, बडा बदमाश है.' मग सकाळपर्यंत सगळे बाहेर बसून राहिले. दार उघडलं तं बैल झोपेल होता. एक केळं नाही बाकी. अन् आजा पाटलाला बोल्ला, 'ह्याचं नाव सर्जा आहे, आता लिहून घ्या!'"

सभागृह फुटलं. निंबाची आत्या तोंडात पदर कोंबून हलत होती. गिरधरभाईंनी तर मांडीवर थाप मारून, किती घड केळी गेली, याची चौकशी मागूनच सुरू केली.

त्यानंतर मला काही करावंच लागलं नाही. मुलं रांगेने आली. कमलची गोष्ट मी 'स्वच्छतेचे महत्त्व' अशा नावाने लिहून ठेवली होती. मुळात ती तिच्या आईची होती. कमल सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझी आई रोज मला बोलते, इंग्लिशमध्ये बोल, इंग्लिशमध्ये बोल. पण एकदा तिच्या पायावर कुकर पडला, तेव्हा ती काय बोलली माहिती आहे का? पूर्ण मराठीत बोलली. ते मी इथे नाही सांगू शकत."

सगळ्यांच्या माना सुमनकडे वळल्या. सुमन लाल झाली, मग हसू लागली, मग डोळे पुसू लागली.

जाताना ती माझ्यापाशी थांबली. मी उत्तराची तयारी करत होतो. फाँट, बटणं, शिक्का, कुठून सुरुवात करावी कळेना.

"सर," ती म्हणाली, "उद्या वर्ग रोजच्याच टायमाला ना? ट्यूशनवाल्यांना वेळ बदलायला सांगते." आणि मग आवाज खाली आणून, "ती कुकरची गोष्ट छापणार नाही ना?"

मंगळवारी दुकानदार रावेरहून आला आणि दोन मिनिटांत दोन्हीकडे कृतिदेव टाकून दिला, बटणांवर डकवायला मराठी अक्षरांचे नवे तुकडेही दिले. अक्षरं पुन्हा अक्षरं झाली. मी शांतपणे बसून माझ्या तेराही गोष्टी सलग वाचल्या. केळे हे एक उपयुक्त फळ आहे. गाय हा एक उपयुक्त प्राणी आहे. स्वच्छता ही एक उपयुक्त सवय आहे. पतंग, सायकल, मामाचं गाव, सगळं एकजात उपयुक्त. खरं सांगतो, ते इंग्रजी कचऱ्यासारखं दिसत होतं, तेव्हा निदान तेरा गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या तरी वाटत होत्या.

आता त्या नव्याने उतरवतो आहे. संध्याकाळी बटण दाबतो, आकडा दहावरून पळू लागतो, आणि तेराही मुलं एका सुरात उलटे अंक म्हणतात. लॅपटॉप जिकडे जाईल तिकडे मीही जातो. शेजारी निंबा बसतो, कारण 'सर्जा' पुन्हा गुणी होऊ नये यावर त्याची नजर आहे. काल मी एका ठिकाणी जरा थांबलो, बोट हवेतच राहिलं.

"सर," निंबा म्हणाला, "हरामीच टाका. मी इथंच आहे."